कबर नसलेले घर

बुलढाण्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरची सुरुवात चर्चमध्ये होत नसे, कबरस्तानात होत असे. आदल्या शनिवारी घरोघरचे पुरुष चुन्याच्या बादल्या घेऊन गावाबाहेरच्या त्या कुंपणात जमत, आपापल्या माणसांच्या कबरी खरवडून काढीत आणि चुन्यात थोडी नीळ मिसळून त्या पांढऱ्या करीत. रविवारी उजाडता उजाडता सारी मंडळी गीते म्हणत तिथे पोचत असे. फाटकातून आत शिरले की गर्दी आपोआप फुटे आणि प्रत्येक कुटुंब आपल्या कबरीपाशी जाऊन उभे राही. पाळक मधोमध थांबून मोठ्याने म्हणत, “प्रभू उठला आहे.” मग कबरीकबरींपासून उत्तर येई, “खरोखर उठला आहे.” जणू मेलेल्यांच्या वतीने जिवंत माणसे हजेरी देत होती.

ज्यांचे तिथे कोणी पुरलेले नसे, ते फाटकाजवळ उभे राहत. बदलीवर आलेले एक-दोन नोकरदार, नव्याने लग्न होऊन आलेली एखादी मुलगी, एवढेच लोक. त्यांना कोणी मुद्दाम तिथे उभे करीत नसे. पण आत उभे राहायला त्यांच्यापाशी जागा नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली असतील. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि त्या वर्षी माझी बुलढाण्याला बदली झाली होती. इतकी वर्षे लहान गावांतून, एकट्या ख्रिस्ती घराच्या रूपात दिवस काढल्यावर मंडळीत राहण्याचे सुख आम्हांला पहिल्यांदाच मिळत होते. माझ्या पत्नीने त्या ईस्टरची तयारी आठवडाभर केली. कांद्याच्या टरफलांत अंडी उकडून तांबूस केली, काही हळदीत घालून पिवळी केली. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि मुलगा चार. दोघांनी मोगऱ्याची फुले एका वाटीत पाण्यात ठेवली होती. ती कोणाला वाहायची, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते.

पहाटे आम्ही चौघे फाटकाजवळ उभे राहिलो. पाळकांनी हाक दिली, उत्तर आले. आम्हीही उत्तर दिले, पण ते बाहेरूनच दिल्यासारखे झाले. नंतर पाहतो तो मुलगी जवळ नव्हती. कुंपणाच्या कोपऱ्यात, निवडुंगाला लागून, एक खचलेली, चुना न लागलेली कबर होती. तिच्यावर ना दगड होता ना नाव. मुलीने तिथे वाटी रिकामी केली होती, मधोमध एक पिवळे अंडे ठेवले होते आणि भावाला शेजारी बसवून ती स्वतः हात जोडून बसली होती.

मंडळीतल्या एका म्हाताऱ्या आजीबाईंना साऱ्या कबरी पाठ होत्या. त्या काठी टेकीत तिच्याजवळ गेल्या.

“काय व पोरी, कोनाची कबर हे?”

“आमची.”

“तुमची? तुह्या बापाले अजून क्वार्टर भेटलं नाही, अन् कबर पह्यले भेटली काय?”

आसपासचे लोक हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हते, हे आज मला कळते. त्या वेळी मला लाज वाटली. मी जाऊन मुलीचा दंड धरला आणि म्हणालो, “ऊठ. दुसऱ्याच्या कबरीवर असं बसू नये.”

“मंग आपली कोनती?”

“आपली इथं नाही.”

“काऊन? आपलं कोनीच मेलं नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

माझे आईवडील अकोल्याला पुरलेले होते. तेवढे सांगितले असते तरी मुलीचे समाधान झाले असते, आणि ते खोटेही नसते. पण तिने विचारले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आईवडील आले नाहीत. जे आले ते मला दडवायचे होते, म्हणून घाईने ‘नाही’ हा शब्द तोंडातून गेला.

पत्नी माझ्या मागे येऊन उभी होती.

“आहे,” ती मुलीला म्हणाली. “तुला मोठा भाऊ होता. अकरा दिवसांचा. तो धामणगावला आहे.”

हे मुलांना सांगायचे नाही, असे मीच ठरवले होते आणि तिने ते नऊ वर्षे पाळले होते. आजीबाईंचे हसू ओसरले. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“अन् माती कोनी देल्ली व माय? तिकडे तं आपलं मानूसच नाही.”

“यांनीच,” पत्नी म्हणाली. “पाळकांना यायला जमलं नाही. यांनी पुस्तक नेलं आणि सगळी प्रार्थना स्वतः वाचली.”

हे सांगताना तिची मान किंचित ताठ झाली होती. लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. पाळक जवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. परक्या गावात, एकट्याने, स्वतःच्या मुलाला प्रभूच्या स्वाधीन करणारा बाप आपल्यात आहे, हे मंडळीला कळायला हवे, असे ते म्हणाले. ईस्टरच्या संध्याकाळी साक्षीची सभा असे; देवाने आपल्या आयुष्यात काय केले, हे एकेकाने उठून सांगायचे. त्या दिवशी पहिली साक्ष मी द्यावी, असे ठरले. मी मान हलवली.

त्या प्रार्थनेतला एक शब्दही मी वाचला नव्हता.

धामणगाव बढे हे माझ्या नोकरीचे दुसरे गाव. तेव्हा आमचा भाग जुन्या मध्य प्रदेशातच होता. माझे आडनाव त्या बाजूला सरसकट आढळणारे, त्यामुळे खोली देताना कोणी जास्त विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. ख्रिस्ती म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असे: अगोदरचे कोण? त्याचे उत्तर दिले की विहिरीचा प्रश्न उभा राही. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो असल्या प्रश्नांतून सुटण्यासाठीच. नातवाने मात्र ती सुटका तोंड बंद ठेवून मिळवली. मी पत्नीला कुंकू लावायला सांगितले. लग्नाला वर्षही झाले नव्हते. तिने लावले. रविवारी आम्ही खिडकी लावून, हलक्या आवाजात दोघांचीच उपासना करीत असू.

मुलगा तिथेच जन्मला. बाप्तिस्म्यासाठी पाळक पुढच्या महिन्यात येणार होते. अकराव्या दिवशी सकाळी त्याचा श्वास अडकू लागला आणि दुपारपर्यंत तो गेला. घरमालकाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आपल्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधावर, बाभळीखाली जागा दिली. त्यांच्यातही इतके लहान मूल जाळीत नाहीत, पुरतात. त्यामुळे पुरण्यावरून कोणाला काही वेगळे वाटण्याचे कारण नव्हते. ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. मुलाचे प्रेत हातांवर असताना मला सुटल्यासारखे वाटले, हे मी आज लिहून ठेवतो आहे, कारण इतकी वर्षे ते कोणालाच सांगितलेले नाही.

निघताना पत्नीने प्रार्थनेचे पुस्तक पंच्यात गुंडाळून माझ्या काखेत दिले. ती बाळंतीण, तिला येता येत नव्हते. शेतात चार-पाच माणसे होती. शेतकऱ्याने स्वतः खड्डा खणला. मूल आत ठेवले, माती लोटली. सगळे माझ्याकडे पाहत थांबले. बापाने काही म्हणायचे असेल तर म्हणू दे, एवढेच त्यांच्या मनात असावे. मी पंच्याची गाठ चाचपली आणि सोडली नाही. मग एकाने “चला गुरुजी,” असे म्हटले आणि आम्ही परत फिरलो.

दारात पत्नीने विचारले, “वाचलंत?”

“वाचलं,” मी म्हणालो. “सगळं म्हटलं.”

हे एवढेच घडले होते. बदल्या होत गेल्या, मुले झाली, आणि त्या एका उत्तरावर आमचा संसार उभा राहिला. तिला जेव्हा जेव्हा त्या मुलाची आठवण येई, तेव्हा ती मला म्हणे, “निदान त्याला शब्द तरी मिळाले.” मी गप्प बसे. ती माझ्या गप्प बसण्याला दुःख समजे.

कबरस्तानातून आम्ही उपासनेला गेलो. ईस्टरला प्रभुभोजन असे. आमच्या मंडळीचा त्याबाबतचा नियम कडक होता: कोणाशी वैर असेल किंवा मनात लपवलेले पाप असेल, तर भाकरीचे तबक समोर आल्यावर ते न घेता पुढे सरकवायचे. पन्नास-साठ माणसांच्या मंडळीत तबक कोणी पुढे सरकवले, हे सर्वांना दिसे. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. मी भाकर घेतली. मनुका उकळून केलेला रसही घेतला. चव काही कळली नाही.

दुपारी जेवणे झाली. मुले अंगणात अंडी एकमेकांवर आपटून कोणाचे आधी फुटते ते पाहत होती. पत्नी माझा पांढरा सदरा काढून ठेवत होती, संध्याकाळच्या सभेसाठी.

“मी तिथं काही वाचलं नाही,” मी म्हणालो.

“कुठं?”

“धामणगावला.”

तिने सदऱ्याची घडी पुरी केली.

“थोडंसुद्धा नाही?”

“नाही.”

“मनात?”

इथे ‘हो’ म्हणता आले असते. मनातले कोणी तपासणार नव्हते. “मनात भीती होती,” मी म्हणालो. “दुसरं काही नव्हतं.”

ती खाली बसली. अंगणातले मुलांचे भांडण ऐकू येत होते. माझे फुटले नाही, तुझे फुटले.

“मी दाराआड उभी होते,” ती म्हणाली. “तुम्ही पोचला असाल, खड्डा झाला असेल, आता वाचायला लागला असाल, असा अंदाज करून मी घरातून म्हणत होते. तुमच्याबरोबर. सगळी प्रार्थना, पाठ होती तेवढी. आमेन म्हणून मग पाणी प्यायले. म्हणजे मी एकटीच म्हणत होते.”

मी क्षमा मागितली. ती शब्दांत मागितली, आणि शब्द संपल्यावर मला कळले की ते शब्दांनी मिटण्यासारखे नव्हते. तिने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. संध्याकाळी मंडळीचा कारभार पाहणारे एक वडीलधारे गृहस्थ आम्हांला बोलवायला आले. मी आतल्या खोलीत होतो. मला वाटले, ती मला हाक मारील आणि खरे सांगायला उभे करील. मी त्याची तयारीही केली होती. पण दारात तिचा आवाज आला:

“त्यांना ताप आहे. आज यायचं नाही होणार.”

“बरं बरं. प्रार्थना करू आम्ही सभेत त्याइच्यासाठी.”

“करा,” ती म्हणाली.

माझ्या माहितीत ती तोवर कधी खोटे बोलली नव्हती. माझे झाकण्यासाठी ती बोलली, आणि त्या रात्री माझ्या तापासाठी पन्नास माणसांनी डोळे मिटले. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे तबक बायकांच्या ओळीतून फिरले, तेव्हा तिने ते न घेता पुढे सरकवले. पुढच्या महिन्यातही, आणि त्याच्या पुढच्याही. मीही सरकवू लागलो. लोकांनी नवराबायकोचे भांडण आहे असा अर्थ काढला आणि आजीबाईंनी मला एकदा वाटेत गाठून म्हटले, “काऊन, मास्तर? बाईले मारलं-बिरलं तं नाही ना?” मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

घरात भांडण नव्हते. स्वयंपाक वेळेवर होई, मुलांचा अभ्यास होई, माझे डबे, कपडे, सगळे पूर्वीसारखे. ती माझ्याशी बोले, पण त्यात ते गेलेले मूल सोडून बाकी सारे असे. निजायच्या आधी चौघांची प्रार्थना होई. पूर्वी ती मोठ्याने प्रार्थना करी, आता मुले करीत, मी करीत असे, आणि तिची पाळी आली की ती म्हणे, “मनातच करते.” एकाच छपराखाली राहून माणूस किती लांब जाऊ शकतो, हे मी त्या वर्षी मोजले. तिने मला दूर केले होते असे मी म्हणणार नाही. नऊ वर्षे मी जिथे उभा होतो, तिथेच होतो. फक्त आता ते तिला दिसत होते.

वर्ष फिरले. उपवासाचा काळ आला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारची तीन तासांची उपासना आटोपून घरी आलो, तर माझ्या टेबलावर ते प्रार्थनेचे पुस्तक होते, पंच्यात गुंडाळलेले.

“उद्या शनिवार,” ती म्हणाली. “शाळा नाही.”

“तू येतेस?”

“आधी तुम्ही जाऊन या. जे म्हणायचं राहिलं ते म्हणून या. मग मी बघेन.”

सकाळच्या एस. टी.ने मी घाट उतरून मोताळ्याला आलो आणि तिथून दुसऱ्या गाडीने धामणगावला. ऊन चढले होते. गहू-हरभरा निघून गेला होता, सगळीकडे उघडी काळी जमीन आणि मधूनच कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. ज्या शेतकऱ्याने जागा दिली त्याचे घर मला आठवत होते. पण शेत मला एकट्याला ओळखू आले नाही. गावाकडून एक माणूस येत होता, माझ्याच वयाचा. त्याने दुरूनच हात कपाळाला लावला.

“गुरुजी नव्हं? म्या चालन्यावरून वळखलं. बाप गेला माहा, तीन वर्सं झाली.”

तो त्या शेतकऱ्याचा मुलगा. मी येण्याचे कारण सांगितले. तो पुढे चालू लागला आणि एका नव्या विहिरीपाशी थांबला.

“इथं बाभूळ होती,” मी म्हणालो.

“होती. तोडली. भावाभावात वाटनी झाली, धुरा सरकला, मंग हे हीर खंदली.” त्याने पायाने एक ढेकूळ फोडले. “बाप होता तवर त्यानं थे जागा वाहू देल्ली नाही. म्हने, मास्तरचं लेकरू हाय तिथं. पन नेमकं कुठं, थे त्यालेच मालूम. आमी इचारलंच नाही कधी.”

मी विहिरीच्या काठाने फिरलो. उपसलेल्या मुरमाचा ढीग, पलीकडे नांगरलेली तासे, त्यापलीकडे भावाचे शेत. कुठल्याही ठिकाणी बोट ठेवून ‘इथे’ म्हणता आले असते, आणि तितक्याच सहज ‘इथे नाही’ असेही.

“मी ख्रिस्ती आहे,” मी त्याला म्हणालो. “तेव्हा सांगितलं नव्हतं.”

“मालूम होतं नं.”

“कोणाला?”

“साऱ्याइले. तुमची बाई रविवारी खिडकी लावून गानं म्हने. आमची माय मुद्दाम तिकडून पानी न्याची, ऐकाले. बाप म्हने, मानूस सोताहून सांगून नाही राह्यला, तं आपुन काऊन इचारा? त्याले लाज वाटंल.”

“आणि विहिरीचं कोणी काही बोललं नाही?”

“बोलले दोघं-तिघं. बाप म्हने, घरात बाळंतीन हाय, पानी बंद नाही होनार.” तो जरा हसला. “त्या दिवशी बी आमी थांबलो होतो नं. वाटलं, तुमच्यात काही म्हनत असतीन, तं म्हना. तुमी म्हनलंच नाही. बाप घरी येऊन म्हने, मास्तरच्या तोंडातून शब्द निघाला नाही, लई दुख हाय बिचाऱ्याले.”

ज्यांच्यापासून मी लपलो, त्यांनी मला पाहिले होते, सांभाळले होते, आणि माझ्या भित्रेपणालाही दुःख समजून मान दिला होता. ज्या भीतीपायी मी मुलाला मुका पुरला, तिला त्या गावात फारशी जागाच नव्हती. जी काही होती ती एका शेतकऱ्याने माझ्या नकळत अंगावर घेतली होती.

मी पंच्याची गाठ सोडली. कोणीकडे तोंड करावे हे कळेना. शेवटी विहीर, मुरूम आणि नांगरट असे सगळे समोर येईल अशा बेताने उभा राहिलो आणि मोठ्याने वाचू लागलो. तो माणूस टोपी काढून बाजूला उकिडवा बसला. मधेच रस्त्याने एक बैलगाडी आली. गाडीवानाने बैल हळू केले आणि तो आमच्याकडे पाहू लागला. माझा आवाज खाली आला. माझ्या ते लक्षात आले. गाडी अजून समोरच होती. मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून, वरच्या आवाजात वाचली. पुढे मृताचे नाव घेण्याची जागा आली. त्याला नाव नव्हते. मी ‘आमचा मुलगा’ म्हटले आणि शेवटपर्यंत गेलो.

संपल्यावर त्या माणसाने मुठीत माती घेतली. “हे न्या बाईले. सांगा, तिथलीच हाय. तेवढंच समाधान.”

त्याच्या मनात माया होती, म्हणून मी नाही म्हणू शकलो नाही. माती रुमालात बांधली. परतीच्या गाडीत घाट चढेपर्यंत तो रुमाल माझ्या मांडीवर होता. जागा सापडली, असे सांगितले तर ती सुखी होईल, हे मला पक्के ठाऊक होते. तिला तिथे घेऊन जाता येईल, एक जागा दाखवता येईल, मुले फुले वाहतील. शेतकऱ्याचा मुलगा मला खोटे पाडणार नव्हता. उलट त्यानेच तो रस्ता दाखवला होता. पहिल्या खोट्याला भीती हे कारण होते. दुसऱ्याला दया हे कारण असते, आणि ते जास्त चांगले दिसले असते. मी बऱ्याच वळणांपर्यंत त्या दुसऱ्या खोट्याच्या बाजूचा होतो, हे कबूल करतो.

घरी पोचलो तेव्हा ती अंडी रंगवत होती. मुले अंगणात होती.

“सापडली?” तिने वर न पाहता विचारले.

“नाही. झाड तोडलंय, विहीर खणलीय. जागा कोणालाच ठाऊक नाही. मी वाचलं, पण कुठं उभा राहून वाचलं ते मला माहीत नाही.” मी रुमाल पुढे ठेवला. “ही त्या शेतातली माती आहे. त्याच्या जागेची म्हणून नाही.”

तिने हात पुसले, गाठ सोडली, माती बोटांनी पाहिली.

“काय पेरतात तिथं?”

“गहू निघाला होता.”

“विहिरीला पाणी आहे?”

“आहे.”

मग मी तिला तिच्या गाण्याची गोष्ट सांगितली. खिडकीची, पाण्याच्या निमित्ताने ऐकायला येणाऱ्या बाईची. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. ती हसत होती की रडत होती, हे मला ठरवता आले नाही, आणि जवळ जाण्याचा हक्क मला आहे असे वाटले नाही. थोड्या वेळाने ती उठली, रुमाल पुन्हा बांधला आणि आत गेली. तो तिने कुठे ठेवला, हे मी आजतागायत विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. उपासनेत पुरुष उजव्या बाजूला बसत, बायका डाव्या. तबक आधी आमच्या ओळींतून फिरले. मी शेतात प्रार्थना वाचून आलो होतो, खरे बोललो होतो. तरी माझे तिच्याशी असलेले मिटले की नाही हे मला माहीत नव्हते, म्हणून मी ते शेजाऱ्याकडे सरकवले. मग ते पलीकडे गेले. मी पाहायचे नाही असे ठरवून पाहिले. वर्षभर जिने तबक पुढे सरकवले, तिने भाकरीचा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि खाल्ला. नंतर प्यालाही घेतला. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

तिने मला क्षमा केली म्हणून ती भाकर घेतली, की माझा प्रश्न बाजूला ठेवून, मला मागे सोडून, ती एकटीच पुढे गेली, हे मला त्या वेळी कळले नाही. आता मी पन्नाशी ओलांडली आहे. मुले नोकरीच्या गावी आहेत आणि घरात आम्ही दोघेच असतो. ती माझे सारे काही करते, आजारपणात माझ्या उशाशी बसते. पुढे काही महिन्यांनी मीही प्रभुभोजन घेऊ लागलो, कारण मला घ्यावेसे वाटले, आणि तिने हरकत घेतली नाही. त्या ईस्टरला तू काय म्हणून ती भाकर घेतलीस, एवढे एक वाक्य मला तिला विचारायचे आहे. ती खरे सांगेल, हे ठाऊक आहे, म्हणूनच अजून विचारलेले नाही.